ब्राझीलमध्ये म्हणे कोणी रंग विचारत नाही!

कडूनिंब (धागाकर्ते)

गेल्या आठवड्यापासून एक पोस्ट फिरतेय. मजकूर साधारण असा: "ब्राझीलमध्ये कोणी कोणाचा रंग विचारत नाही. गोरे, काळे, आदिवासी असे मिसळले की एकच समाज झाला. सांबा सगळ्यांचा, कार्निव्हल सगळ्यांचा, आणि गुलामांनी मालकाच्या उष्ट्या तुकड्यांतून शिजवलेली फेजोआदा (घेवडा आणि मांसाचा रस्सा) आज राष्ट्रीय पक्वान्न. आपल्याला हे कधी जमणार?" खाली बदामांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस.

एखादं वाक्य चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं. इथे सगळं प्रकरणच उलटं टांगलंय.

पोस्ट म्हणते मिसळणं आपोआप झालं. प्रत्यक्षात ते दोनदा सरकारी धोरण होतं, आणि दोन्ही वेळी हेतू वेगळा होता. पहिल्यांदा काळे लोक कमी करायचे म्हणून. गुलामी उठली १३ मे १८८८ ला, दोन्ही अमेरिकांत सगळ्यांत शेवटी. आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसं जिथे उतरवली, तिथे सुटलेल्यांना ना जमीन मिळाली ना भरपाई. जून १८९० मध्ये स्थलांतराचा हुकूम निघाला: धडधाकट कामकऱ्यांना बंदरं मोकळी, फक्त आशिया आणि आफ्रिकेतल्या लोकांना संसदेची परवानगी हवी. त्याच वर्षीच्या दंडविधानात कापोएरा (काळ्या गुलामांत रुजलेली, नाचासारखी झुंजकला) करणाऱ्याला दोन ते सहा महिने कैद. १९११ च्या लंडनच्या वंश-परिषदेत रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक लासेर्दा यांनी भाकीत मांडलं, की शतकभरात मिश्र विवाहांमुळे देशात काळे उरणार नाहीत. तेव्हा 'मिसळणं' याचा अर्थ हा होता.

दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष वार्गास. १९३० ला सत्तेवर, १९३७ ला एस्तादो नोवो, म्हणजे 'नवं राज्य' नावाची हुकूमशाही. त्या नोव्हेंबरात रिओत जाहीर समारंभ करून राज्यांचे झेंडे जाळले. १९३८ पासून शाळा फक्त पोर्तुगीजमध्ये. दक्षिणेतले जर्मन-इटालियन आणि साओ पाउलोतले जपानी यांच्या शाळा गेल्या, मग वर्तमानपत्रं गेली. १९३९ ला प्रचारखातं आलं, १९४० ला रादिओ नासिओनाल सरकारच्या ताब्यात. सांबावाल्यांना कळवण्यात आलं की उनाड, कामचुकार नायक पुरे झाला, आता कामावर जाणाऱ्या माणसाचं कौतुक करा. ज्या कापोएरामागे पोलीस लागत, त्याच कापोएराच्या मेस्त्रे बिंबांच्या शाळेची १९३७ मध्ये सरकारी नोंदणी झाली आणि १९५३ मध्ये खुद्द वार्गासपुढे प्रयोग. मिसळण्यातच ब्राझीलचं बळ आहे, ही समाजशास्त्रज्ञ फ्रेइरेंची १९३३ ची मांडणी शेजारी ठेवायला तयार होतीच.

आणि रंग विचारत नाहीत म्हणे! जनगणनेत १९७० ला तो रकाना नव्हता, कारण लष्करी राजवटीने तो काढला होता. न विचारण्याचा दाखला सापडतो तो असा.

'आम्ही सगळे मिसळलेले' ही ओळख वरून खाली आली. खालून वर नाही. बोला.

दर्यावर्दी

लेख अभ्यासू, निष्कर्ष अर्धवट. सरकारने काय उचललं याची यादी दिलीत. उचलण्याआधी ते कोणी तयार केलं होतं, तो भाग सोयीस्करपणे गाळलात.

सांबाचंच घ्या. १९२० च्या दशकापर्यंतचा सांबा तिया सियातासारख्या, ईशान्येतल्या बाईया राज्यातून आलेल्या बायकांच्या घरांतला, रिओच्या प्रासा ओन्झे चौकाच्या आसपासचा. अंगणात, गोलात नाचायचा. तो गात रस्त्याने चालता येत नसे, ताल आखूड पडे. एस्तासिओ मोहल्ल्यातल्या पोरांनी १९२८ ला 'देइशा फालार' ही सांबा-मंडळी काढली आणि ताल लांबवला. पण शेकडो माणसं एका ठेक्यात चालायची तर खालचा ठोका शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा. बिदे नावाच्या वादकाने लोण्याच्या मोठ्या डब्यावर कातडं ताणून सुर्दो हा मोठा ढोल बनवला, अशी त्याची ख्याती. आजही मिरवणुकीचं अख्खं गणित सुर्दोवर चालतं: दोन मात्रांत दुसऱ्या मात्रेवर पहिला सुर्दो, सगळ्यांत खर्जाचा, पहिल्या मात्रेवर दुसरा, जरा वरच्या सुरातला, त्याला उत्तर देणारा, तिसरा मधल्या फटी कापत जातो. मांगेइरा या सांबा-मंडळीवाले उत्तराचा सुर्दो ठेवतच नाहीत, म्हणून त्यांचा ताफा डोळे मिटून ओळखू येतो. पहिला सुर्दो क्षणभर मागे पडला तर पुढे गाणारे आणि मागे चालणारे यांची फारकत होते, आणि ताल-मेळाचे गुण जातात.

यातलं कुठलं वार्गासच्या खात्याने ठरवलं? पहिली स्पर्धा १९३२ ला, तीही एका क्रीडा वृत्तपत्राने भरवलेली. पालिकेचं अनुदान १९३५ ला. सरकार वरातीत मागून आलं आणि पुढे जाऊन उभं राहिलं, एवढंच.

अपारेसिदाची सावळी मेरी घ्या. १७१७ मध्ये कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेली मातीची मूर्ती. दोनशे वर्षं लोक नवस बोलत होते. 'राष्ट्राची संरक्षक' हा शिक्का १९३० चा.

जागल्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मधली_सुट्टी

दोघांनाही एक प्रश्न. ब्राझील म्हणजे रिओ आणि जोडीला थोडं बाईया, हे तुम्ही कुठून आणलंत?

२०२२ च्या जनगणनेत पार्दो म्हणजे मिश्र रंगाचे ४५.३ टक्के, गोरे ४३.५, काळे म्हणजे प्रेतो १०.२, आदिवासी आणि पिवळे (पूर्व आशियाई मुळांचे) मिळून सुमारे एक टक्का. सरासरी झाली. आता राज्यं बघा. रिओ ग्रांदे दो सुलमध्ये गोरे ७८ टक्के. उत्तरेत अॅमेझॉनच्या मुखाशी असलेल्या पारामध्ये पार्दो जवळपास ७०. आणि पारातला पार्दो हा बहुतेक आदिवासी मुळांचा, नदीकाठचा माणूस. त्याला सांबा रेडिओवरून कळला. त्याची ओळख कसाव्यात (साबुदाण्याचा कंद) आणि असाईत (ताडासारख्या झाडाचं जांभळं फळ) आहे.

असाईचंही रिओवाल्यांनी वाटोळं केलंय. पाराच्या राजधानीत, बेलेंमध्ये ते ताजं, दाट, बिनसाखरेचं, तळलेल्या माशाबरोबर आणि कसाव्याच्या भरड पिठाबरोबर खातात. ते जेवण आहे. फळ दिवसाभरात आंबतं, त्यामुळे दक्षिणेत गर गोठवूनच जातो. मग त्यात ग्वाराना सिरप, वर केळं, ग्रॅनोला, आणि झालं 'ब्राझिलियन सुपरफूड'. फळं वाटताना त्यात किडे चिरडले जाऊन शागास या परजीवीजन्य आजाराची लागण होते, म्हणून पारात ती ८० अंश पाण्यात १० सेकंद बुडवून घ्यायचा नियम आहे. फोटो टाकणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

काजूबोंड

तुमचं मोठं भांडण चालू द्या. त्या पोस्टमधले 'मालकाचे उष्टे तुकडे' मात्र माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

फेजोआदा गोव्यात आहे. चोरीस (गोव्याचं डुकराचं सॉसेज) आणि लाल घेवडा, कॅथलिक घरांत नेहमीची. अंगोलात आहे, मोझांबिकमध्ये आहे, उत्तर पोर्तुगालमध्ये तर डुकराचे कान घालूनच करतात. आता गोव्यातही मालकाचं उष्टं का? कडधान्य आणि खारवलेलं डुक्कर एका भांड्यात शिजवायचं हे पोर्तुगीजांबरोबर फिरलंय. ब्राझीलचेच लोकसंस्कृतीचे अभ्यासक कामारा कास्कुदो, त्यांनी हे केव्हाच लिहून ठेवलंय. रेसिफेच्या वर्तमानपत्रात १८३० च्या दशकात हॉटेलच्या जाहिरातीत फेजोआदा आहे, गुलामी उठायच्या पन्नास वर्षं आधी. पैसे मोजून हॉटेलात कोण जेवत होतं? कान, शेपूट, पाय हे फेकून द्यायचे भाग नव्हतेच. खारवून, पिंपात भरून विकत. गुलामांच्या वाट्याला कसाव्याचं पीठ, घेवडा आणि नशीब असेल त्या दिवशी सुक्या मांसाचा तुकडा.

कृतीपण देतो, कारण त्या पोस्टखाली कोणीतरी 'राजमा कुकरला लावा, वर सॉसेज टाका' असं लिहिलंय.

१ किलो काळा घेवडा. अर्धा किलो कार्ने सेका म्हणजे खारवून सुकवलेलं गोमांस. खारवलेले कान, पाय, शेपूट मिळून अर्धा किलो. धुरावलेल्या फासळ्या ३०० ग्रॅम. पायो आणि लिंग्विसा, दोन्ही सॉसेज, पाव-पाव किलो. सगळं खारं मांस थंड पाण्यात, फ्रिजमध्ये, २४ तास, आणि पाणी चार-पाच वेळा बदलायचं. शेवटच्या पाण्यानंतर एक तुकडा उकळून चाखा. अजून खारट लागला तर आणखी एक पाणी. बिघडतं ते इथेच. एकदा रस्सा खारट झाला की बटाटा टाका नाहीतर नवस बोला, काही होत नाही.

घेवडा, तमालपत्र, कार्ने सेका आणि कान-पाय एकत्र चढवायचे. तासाभराने फासळ्या. सॉसेज शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर चरबी सुटून नुसता चोथा राहतो. मीठ अगदी शेवटी, आणि बहुधा लागत नाही. दाटपणासाठी पीठबीठ नको: दोन पळ्या शिजलेला घेवडा लसूण-कांद्याच्या परतणात ठेचायचा आणि भांड्यात परत. सगळं एकदम कुकरला लावलं की घेवडा फुटतो आणि कान चिवटच राहतो. बाजूला भात, फारोफा (परतलेलं कसाव्याचं पीठ), दोऱ्यासारखी चिरून मोठ्या आचेवर मिनिटभर परतलेली कोव्हची (कोबीच्या जातीतली पालेभाजी) पानं, आणि सोललेल्या संत्र्याच्या चकत्या.

दर्यावर्दी

कास्कुदो भांड्याचा इतिहास सांगतात. भांडं ढवळत कोण होतं, याचं काय? रेसिफेच्या त्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात लिस्बनहून आलेला आचारी नव्हता. आणि बाजूचा फारोफा आदिवासींच्या कसाव्याचा, काळा घेवडा अमेरिकेतलाच. तुम्ही 'उष्टं' खोडलंत ते ठीक, पण त्याबरोबर हातही पुसून टाकलेत.

काजूबोंड

हात त्यांचे, ते कोणी नाकारलं? पण 'गरीब बिचाऱ्यांनी कचऱ्यातून सोनं केलं' ही गोष्ट हातांचा मान राखत नाही. ती मालकाला उदार ठरवते. त्याच्या ताटातलं उरलेलं देशाला जेवू घालतंय! असली गोष्ट कोणाला आवडते ते बघा जरा.

कडूनिंब

काजूबोंड, तुम्ही माझाच मुद्दा माझ्यापेक्षा बरा मांडलात. याबद्दल आभार मानायचे की राग धरायचा ते ठरवतो.

मधली_सुट्टी

रिओत फेजोआदा शनिवारी, साओ पाउलोत बुधवारी आणि शनिवारी. उरलेले दिवस देश काय खातो? भात आणि तपकिरी पट्ट्यांचा 'कारिओका' घेवडा. काळा घेवडा चालतो तो मुख्यतः रिओत आणि दक्षिणेत. आणि हा कारिओका काही पुराणकाळापासूनचा नाही. कांपिनासच्या कृषी संस्थेने १९६० च्या दशकाअखेरीस वाण म्हणून सोडला. लवकर शिजतो, रस्सा दाट होतो, उतारा जास्त, म्हणून दहा-पंधरा वर्षांत जुने वाण मागे पडले. साठवणीत काळवंडतो आणि मग शिजायला वेळ घेतो, त्यामुळे व्यापारी रंगावर भाव पाडतात. दोन्ही पक्षांनी ही गाठ सोडवा: रोजचं राष्ट्रीय अन्न एका प्रयोगशाळेतून आलं, त्यावर ना वार्गासचा शिक्का, ना गुलामांची दंतकथा, आणि तरीही त्याच्याशिवाय जेवण झालं असं कोणी म्हणत नाही.

काजूबोंड

मग चुर्रास्कोचा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा, पिकान्या हा गोमांसाचा तुकडा पण घ्या. तो बैल नेलोरे, म्हणजे आपल्या आंध्रातला ओंगोल. सोबत गीर आणि 'गुझेरा' नावाने गेलेली कांकरेज. युरोपची गुरं उन्हात आणि गोचिडांत टिकेनात म्हणून नेली. उद्या गुंटूरवाले म्हणतील ब्राझीलची ओळख आमची. आणि काजू तिकडून आमच्याकडे आला, तेव्हा फिटंफाट.

ढवळणी

पाककृतीच निघाल्यात तर राष्ट्रीय ओळखीचं खरं भांडण फेजोआदावर नाही, अकाराजेवर, म्हणजे बाईयातल्या चवळीच्या वड्यावर आहे. तिकडे कोणीच वळत नाही.

अर्धा किलो पांढरी चवळी कोरडीच जाडसर भरडायची, एका दाण्याचे दोन-तीन तुकडे. रात्रभर भिजवायची. हाताने चोळून सालं वर तरंगवायची आणि पाण्याबरोबर ओतून टाकायची, चार-पाच पाण्यांनी. काळा डोळा राहिला तर पीठ करडं दिसतं. पूर्ण निथळून, पाण्याचा थेंब न घालता वाटायची. ओल हवी तर एका कांद्याचीच. नंतर लाकडी कालथ्याने दहा-पंधरा मिनिटं घोटायची, पीठ फुगून हलकं होईपर्यंत. पाण्यात थेंब सोडला तर तरंगला पाहिजे. सोडा नाही, बेसन नाही. मीठ तळण्याच्या अगदी आधी, लवकर घातलं तर पीठ पाणी सोडतं आणि तेलात विस्कटतं. आपल्या वड्याच्या हाताला हे सगळं पटकन समजेल.

तळायचं देंदे तेलात, भरपूर, लिटरभर तरी. लाल, रिफाइन न केलेलं पाम तेल. त्यात एक अख्खा कांदा सोडून ठेवतात, तो तेल लवकर करपू देत नाही असं म्हणतात. आच जास्त झाली की बाहेरून काळं, आत कच्चं. मग चिरून आत वातापा (पाव, नारळाचं दूध, सुकी कोलंबी, शेंगदाणे किंवा काजू, देंदे), भेंडीचं कारुरू, धुरावलेली कोलंबी आणि मिरचीचा ठेचा.

हेच नायजेरिया-बेनिनच्या रस्त्यांवर सकाळी अकारा म्हणून तळतात, भरण न घालता. बाईयात ते कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्मातल्या इयान्सां या देवतेचं नैवेद्याचं अन्न. गुलाम आणि सुटलेल्या बायका बाईयाच्या राजधानीत, साल्व्हादोरच्या रस्त्यावर विकत. मालकाचा वाटा देऊन उरलेल्या पैशातून कित्येकींनी स्वतःची मुक्तता विकत घेतली. २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा संस्था इफानने नोंद केली ती या पदार्थाची नाही, तो करून विकणाऱ्या 'बाईयानां'च्या कसबाची. पांढरा घेरदार झगा, डोक्याला फडकं, गळ्यात मणी, यासकट.

आणि २०१४ च्या विश्वचषकात फिफाच्या करारानुसार स्टेडियमभोवती दोन किलोमीटरपर्यंत दुसऱ्या कोणी विकायचं नाही! बायकांनी सह्यांची मोहीम काढली, तेव्हा कुठे मोजक्या जणींना जागा मिळाली. वरून-खालून म्हणताय ना, हे घ्या.

खडूस_काका

आणि 'येशूचा लाडू'? तो का गाळलात, ताई?

साल्व्हादोरमध्ये इव्हँजेलिकल झालेल्या बायका तोच पदार्थ, त्याच तेलात, साध्या कपड्यांत 'येशूचा लाडू' म्हणून विकतात. लगेच आरडाओरड. पालिकेचा पोशाखाचा नियम काढतात, वारसा काढतात. २०२२ च्या आकड्यांत कॅथलिक ५६.७ टक्के, इव्हँजेलिकल २६.९, उंबांदा-कांदोंब्ले हे आफ्रिकी मुळांचे धर्म मिळून १. देशातला चौथा माणूस ज्या धर्माचा, त्यातली बाई चवळीचा वडा तळून पोट भरते, तर तिने गळ्यात कोणत्या देवाचे मणी घालायचे हे सरकार सांगणार? इथे सगळे पुरोगामी, पण गरीब बाई आपल्या आवडीच्या देवाची नसली की लगेच वारसाप्रेमी.

ढवळणी

काका, तळायला कोणीच मना केलेलं नाही. मना आहे ते बाईयानाच्या नावाने जागा घेऊन मुळावर पुसणी मारायला. तेरेइरोंवर, म्हणजे कांदोंब्लेच्या पूजास्थानांवर दगड पडतात, मूर्ती फुटतात, सैतानाची पूजा म्हणून भर प्रवचनात उद्धार होतो. आणि त्याच पंथाच्या नैवेद्याची कृती मात्र जशीच्या तशी उचलायची, फक्त देवतेचं नाव बदलायचं. त्या एक टक्क्याचं राहिलं काय मग? रस्सा तुमचा, पाटी आमची?

खडूस_काका

दगड मारणारा वेगळा, तळणारी वेगळी. दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं करायची तुमची ही जी

[संपादक: पुढचा मजकूर काढला आहे. वैयक्तिक शेरे नकोत.]

दर्यावर्दी

काकांचा सूर सोडा, प्रश्न रास्त आहे. कडूनिंब म्हणतात ओळख सरकारने घडवली. मग आज सरकारच वारसा म्हणून पोशाख ठरवतंय, तर ते चांगलं का वाईट? वार्गासने सांबाला गणवेश घातला तर दडपशाही, आणि इफान-पालिकेने बाईयानाला घातला तर संरक्षण?

कडूनिंब

फरक आहे. वार्गासच्या खात्याने सांबात काय गायचं ते सांगितलं. अकाराजेच्या नोंदणीसाठी अर्ज विकणाऱ्या बायकांची संघटना आणि एक तेरेइरो यांच्याकडून गेला. मागणी कोणाची, यावर ठरतं.

पण हा पदार्थांचा बाजार थोडा आवरा आणि मूळ वाक्याकडे या, 'रंग विचारत नाहीत'. २०१२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने विद्यापीठांतल्या वांशिक राखीव जागा वैध ठरवल्या, ऑगस्टमध्ये कायदा आला. केंद्रीय विद्यापीठांत प्रत्येक अभ्यासक्रमातल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतून शिकलेल्यांना. त्यातल्या निम्म्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना. मर्यादा आधी माणशी दीड किमान वेतन होती, २०२३ मध्ये एक केली. आणि या प्रत्येक भागात काळे, पार्दो, आदिवासी यांचा वाटा त्या त्या राज्याच्या लोकसंख्येइतका. २०२३ मध्ये किलोंबोवासीही (पळालेल्या गुलामांच्या वस्त्यांचे वंशज) आले, आणि क्रम बदलला: उमेदवार आधी खुल्या यादीत धरायचा, तिथे बसला नाही तरच राखीव.

आणि रंग कोण ठरवतो? आधी तुम्ही स्वतः लिहायचा. त्यावर गैरफायदा सुरू झाला, तेव्हा पडताळणी समित्या बसल्या. सरकारी नोकरभरतीसाठीच्या २०१८ च्या नियमात पाच जणांची समिती होती, चित्रीकरण सक्तीचं, आणि निकष फक्त दिसणं: त्वचा, केस, नाक-ओठ. आजी काळी होती याचा पुरावा चालत नाही. आपल्याकडे जात पडताळणीला वंशावळच काढावी लागते, तिथे वंशावळ आणलीत तरी बाजूला ठेवतात. कारण त्यांचं म्हणणं सरळ आहे: पोलीस रस्त्यात अडवतो तेव्हा आजीचा फोटो बघत नाही.

मधली_सुट्टी

आणि तिथेच पारावाला मरतो. २०१० च्या समानता कायद्यात प्रेतो अधिक पार्दो म्हणजे 'नेग्रो' अशी बेरीज आहे. नदीकाठचा, आदिवासी चेहऱ्याचा, सरळ केसांचा पार्दो कागदावर नेग्रो होतो. मग समितीपुढे गेला की आफ्रिकी चेहरा नाही म्हणून नापास. आदिवासी म्हणून जावं तर जमातीचं पत्र नाही. साल्व्हादोर आणि रिओ डोळ्यापुढे ठेवून केलेला नियम सगळ्या देशाला लावला की असंच होणार.

दर्यावर्दी

हेच ते! १९७६ च्या सरकारी पाहणीत लोकांना आपला रंग स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगितलं, तर शंभराहून जास्त शब्द निघाले. गव्हाळ, दालचिनी, उन्हात भाजलेला, काय वाटेल ते. हा गोंधळ खरा ब्राझील. तो मोडून अमेरिकेसारखी काळा-गोरा अशी रेघ ओढायची, आणि वर 'मिसळण्याची कल्पना सरकारी' असं आपणच म्हणायचं. रेघ कोणाची आहे मग?

कडूनिंब

शंभर शब्द निघाले, बरोबर. बहुतेकांनी उत्तर दिलं ते त्यातल्या मोजक्या पाच-सात शब्दांत, हे सांगायचं राहिलं का? आणि शंभर छटांत स्वतःला कोण मोजतं? ज्याला सगळ्यांत खालच्या छटेपासून एक पायरी वर उभं राहायचं असतं तो. पायऱ्या होत्या म्हणून शब्द झाले.

दर्यावर्दी

बरं, पायऱ्या होत्या. घ्या. पण २०१० मध्ये गोरे ४७.७ टक्के आणि पार्दो ४३.१, बारा वर्षांत क्रम उलटला. एवढी बाळं जन्मली नाहीत. लोकांनी स्वतःचं उत्तर बदललं. म्हणजे तुमची ती 'वरून आलेली' ओळख लोक आता स्वतःहून भरतायत, पायरी खाली उतरून. याला काय नाव देणार?

कडूनिंब

पन्नास वर्षांच्या काळ्या चळवळीचा परिणाम. आणि हो, थोडा राखीव जागांचाही, तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. मिसळलेपणाचं गोड गाणं थांबलं तेव्हाच लोक खरं लिहू लागले.

काजूबोंड

गांधी अजून कसे आले नाहीत? साल्व्हादोरच्या गोदी कामगारांनी १९४९ ला 'फिल्योस दे गांधी' काढलं. पांढरे कपडे, डोक्याला टॉवेलचा फेटा, निळे-पांढरे मणी, लव्हेंडरचं पाणी शिंपडत, इजेशा तालावर. कार्निव्हलमध्ये हजारोंनी पुरुष असतात. आपल्याकडे दर फेब्रुवारीत 'ब्राझीललाही बापू कळले' म्हणून तो फोटो फिरतो. ती कांदोंब्लेची मिरवणूक आहे, हे कोणी लिहीत नाही. निघण्याआधी एशू या देवतेला नैवेद्य असतो.

खडूस_काका

आता हा धागा पाचशेवर जाणार. मी चाललो. जाता जाता, ढवळणीताई, कृती बरोबर आहे तुमची. बाकी काहीही मान्य नाही.

जागल्या

देंदे नसेल तर रेशनचं पामोलिन चालेल का?

ढवळणी

नाही. पामोलिन रंग आणि वास काढून टाकलेलं असतं, तळून होईल पण अकाराजे होणार नाही. आफ्रिकी किराणा दुकानात लाल पाम तेल मिळतं ते घ्या, आणि बाटलीच्या तळाशी घट्ट थर बसला असेल तर खराब म्हणून टाकू नका, कोमट पाण्यात उभी ठेवा. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा, धूर खूप होतो. आणि भांडं जुनं वापरा, लाल डाग जात नाहीत.